पुस्तकं मळवण्याचा दिवस

आमच्या वस्तीवर एखाद्या घरी लग्न ठरलं, की त्या घरची माणसं भटजीच्याही आधी माझ्या वडिलांकडं यायची. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू, आणि आबाकडं वस्तीची भांडी होती. दोन पातेली, एक परात आणि एक कढई. कढई एवढी मोठी, की पाचव्या वर्षापर्यंत मला तिच्यातच बसवून आंघोळ घालायचे. नेलेलं भांडं राखेनं घासून, उन्हात वाळवून परत आणायचं असा नियम होता. परत आलेल्या पातेल्याच्या बुडात आबा स्वतःचं तोंड बघायचा. तोंड नीट दिसलं तर पातेलं घरात. नाही दिसलं तर पातेलं आणि ते घेऊन आलेला माणूस, दोघंही पुन्हा ओढ्यावर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा बाप डोक्याला फेटा तसाच ठेवून ओढ्यात उकिडवा बसलाय आणि पातेलं घासतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं त्याचा सगळा दोष आबाच्या माथी मारणं बरोबर नाही. थोडा दोष पातेल्यांचाही होता.

वस्ती उमापूरपासून चालत तासाभरावर. वीस-बावीस घरं, सगळी धनगरांची. प्रत्येकाकडं मेंढरं आणि थोडं बाजरीपुरतं रान. सकाळी जाग यायची ती मेंढरांच्या गळ्यातल्या घाटीनं आणि त्याच्यावर ताण करणाऱ्या मायच्या आवाजानं. माय म्हणजे आई. तिचा आवाज असा, की तिनं अंगणातून हाक मारली की दुसऱ्याच्या कळपातली मेंढरंसुद्धा माना वर करायची. न्याहारीला बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि थंडीत कधी हुलग्याच्या शेंगोळ्या. शेंगोळ्या शिजल्या की त्या वासानं शेजारचा धोंडीबा काहीतरी विचारायला म्हणून यायचा आणि विचारायचं विसरून जेवून जायचा. धोंडीबा आबाचा चुलतभाऊ. त्या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि एकमेकांशी धड बोलणंही होत नसे.

शाळा दोन खोल्यांची. एक खोली गळायची, दुसरीला दार नव्हतं. गुरुजी एकच, उमापुरात राहायचे आणि सायकलवर यायचे. बाराखडीपर्यंत सगळं नीट चालायचं. त्याच्यापुढं वाचायला काही नव्हतं, म्हणून आम्ही तीच पाठ्यपुस्तकं इतक्यांदा वाचली होती की शब्द डोळ्यांआधी तोंडात यायचे. गुरुजींनी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेला पत्र लिहिलं. संस्था लांबच्या शाळांना गोष्टींची पुस्तकं द्यायची. आणि एके दिवशी संस्थेच्या बाई आल्या, उमापूरपर्यंत एसटीनं आणि पुढं पायी. त्यांच्या मागं गुरुजी, सायकल हातात धरून, कॅरियरवर निळ्या रंगाची पत्र्याची पेटी बांधलेली. आम्ही पोरं दोन्ही बाजूंनी पळत होतो. धोंडीबानं कपाळाला हात लावून नीट बघितलं आणि विचारलं, "कुणाचं लगीन हाय रं?"

बाई साठीच्या असाव्यात. पांढरे केस, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. लिंबाखाली उभं राहून त्या एवढंच म्हणाल्या, "ही पुस्तकं आता तुमची आहेत. जपून वापरा." यातलं 'जपून' आबानं असं काही मनावर घेतलं, की 'वापरा'ला आत शिरायला जागाच उरली नाही. पेटी ठेवायची कुठं हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्या वस्तीनं आबाकडं बघितलं. पातेली ज्याच्याकडं, पेटी त्याच्याकडं. आबानं पावतीवर अंगठा उठवला. त्याला वाचता येत नव्हतं, पण अंगठा तो असा उठवायचा की एक एक रेघ मोजून घ्यावी.

बाईंचा चहा होईस्तोवर प्रत्येक पोराला एक पुस्तक हातात मिळालं. माझ्या वाट्याला हिरव्या पुठ्ठ्याचं, पातळसं पुस्तक आलं. मी चौथीत होते, बोट ठेवून वाचायची. मैना नावाच्या मुलीची घागर विहिरीत पडते. उन्हाळ्याचे दिवस, पाणी तळाला गेलेलं. मैना पायऱ्या उतरून खाली जाते आणि बघते, तर एरवी पाण्याखाली असणाऱ्या भिंतीत एक छोटं दार आहे. दाराला कडी आहे. मैना कडीवर हात ठेवते. मी पान उलटणार तेवढ्यात बाईंनी कपबशी खाली ठेवली. आबानं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. मैना तिथंच राहिली, कडीवर हात ठेवून.

सहा महिने राहिली. आबाचे नियम मला आजही पाठ आहेत. ज्याला पुस्तक पाहिजे त्यानं आंघोळ करून यावं. हात दाखवावेत, आधी सुलटे, मग उलटे. घोंगडीवर बसावं. पुस्तक उघडावं, पण पुरतं उघडू नये, कंबर मोडते. थुंकी लावून पान उलटू नये. वाचताना हसू नये, कारण हसताना धोंडीबाच्या नातवाच्या तोंडातून एकदा भाकरीचा तुकडा उडाला होता. आणि समोर आबा बसलेला, मेंढराला लांडग्यापासून राखावं तसा. अशा तऱ्हेनं कोण वाचणार? पहिल्या महिन्यात चार जण आले, दुसऱ्यात एक, नंतर कुणी नाही. गुरुजी दोन वेळा पेटी मागायला आले. आबानं त्यांचेही हात बघितले. खडूची भुकटी दिसली.

माय म्हणायची, "पुस्तकं हायत का सोयरीक जमलेल्या पोरी? कुनी नजर टाकली तरी तुमी काठी घेऊन हुबे."

आबा म्हणायचा, "लोकाची वस्तू हाय. जशी दिली तशी दिसाया पायजे."

मी मेंढरांमागं जाऊ लागले, की बरोबरच्या पोरी विचारायच्या, त्या दारामागं काय होतं? मला कुठं ठाऊक होतं. पण ठाऊक नाही असं कबूल करण्याचा स्वभाव मला तेव्हाही नव्हता. रोज एक शेवट सांगायची. एके दिवशी दार उमापूरच्या बाजारात उघडलं आणि मैना भज्यांच्या गाड्यासमोर निघाली. एके दिवशी दारामागं मैनेची होणारी सासू बसली होती आणि म्हणाली, लई उशीर केलास. बाभळीच्या सावलीत आबा तोंडावर घोंगडी घेऊन झोपलेला असायचा. मी सासूची नक्कल केली तेव्हा ती घोंगडी पोटाजवळ हलली.

मग तो दिवस आला. अंगणात लोकर कातरण्याचं काम चालू होतं. कातरीचा कचकच आवाज, मेंढरांची ओरड, पुरुषांचे हात कोपरापर्यंत लोकरीच्या तेलकटीनं माखलेले. गुरुजी इतक्या जोरात सायकल हाणत आले की ब्रेक लावायचं विसरून गंजीत घुसले. गंजीतून बाहेर येत म्हणाले, "आबा, बाई आज येतायत. दुपारच्या गाडीनं. पेटी बघायला."

"येऊ द्या की," आबा म्हणाला. "बघा म्हनावं. एका पानाला सुरकुती घावली तर नाव बदलून ठिवा."

"तेच तर." गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला. "बाई चकलांब्याच्या बाजूला एका वस्तीवर गेल्या होत्या. तिथली पुस्तकं अशीच कोरी निघाली. त्या म्हणाल्या, कोरी म्हणजे कुणी वाचलीच नाहीत. पेटी उचलली आणि दुसऱ्या गावाला दिली."

कातर थांबली. आबाच्या हातातलं मेंढरू अर्धं कातरलेलं तसंच निसटलं आणि अर्ध्या अंगानं ओरडत गेलं. आबाचा चेहरा मला अजून दिसतो. जन्मभर घासून चकचकीत परत केलेली भांडी, आणि आता कुणी सांगतंय की चकचकीत आणलंस म्हणून चूक तुझी.

"मंग आपली कुनाला देतील?" धोंडीबानं विचारलं.

"खालच्या वस्तीचा अर्ज आलाय."

खालच्या वस्तीशी आमचं पाणवठ्यावरून वाकडं होतं. पण मला त्यांच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला एवढंच कळलं, की दुपारच्या गाडीनं मैना जाणार, आणि दारामागं काय होतं ते मला मरेपर्यंत कळणार नाही.

आबा उठला, करगोट्याची किल्ली सोडली, पेटी अंगणात आणली आणि म्हणाला, "मळवायला कितीसा येळ लागतो?"

"आबा, हे खोटं आहे," गुरुजी म्हणाले.

"खोटं कसं? हात आमचेच हायत, मळ आमचाच हाय."

त्यानंतरच्या दोन तासांत आमच्या अंगणात जे काही चाललं, तसं पुस्तकांच्या आयुष्यात कुठं घडलं नसेल. मायनं हळदीच्या हातानं पुठ्ठे कुरवाळायला सुरुवात केली आणि म्हणाली, "आता बाशिंगंबी बांधा." कातरणाऱ्या पुरुषांनी लोकरीच्या हातांनी पानांचे कोपरे चुरगाळले. एका म्हातारीनं तंबाखूचा चुना लावलेलं बोट चित्रातल्या राजाच्या गालावर पुसलं. धोंडीबानं बशीत चहा ओतून घेतला, पुस्तकावर ठेवून प्यायला, आणि गोल डाग बघून समाधानानं म्हणाला, "हे झ्याक वाचल्यावानी दिसतंय." गुरुजी आधी तोंड फिरवून उभे होते. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "सगळी पानं सारखी मळवू नका," ते म्हणाले. "पोरं सुरुवातीची पानं जास्त मळवतात. शेवटाकडं मळ कमी करत न्या."

आबानं पोरांना हाका मारल्या. खरा मळ पोरांचाच. आम्ही धावत आलो, धुळीनं भरलेले, नाकं वाहणारे, हात न धुतलेले. "बसा," आबा म्हणाला. "उघडा. मळवा." सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी आमचे हात बघितले नाहीत. आम्ही पुस्तकं पुरती उघडली, कंबर मोडेपर्यंत. थुंकी लावली. आणि मग हळूहळू अंगणात आवाज कमी होत गेला. धोंडीबाचा नातू पालथा पडला होता आणि त्याचे ओठ हलत होते. दोन बहिणी एकाच पुस्तकावर डोकं लावून बसल्या होत्या, आणि थोरली पान उलटू देत नव्हती कारण धाकटीचं अजून झालं नव्हतं. एक मेंढरू येऊन कुणाच्या तरी पुस्तकाचा कोपरा खाऊन गेलं, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

आबा वैतागला. "वाचत काय बसलाव? बाई यायचा वकुत झाला. मळवा बिगीनं."

मी आता बीडमध्ये राहते आणि एका मंडळाबरोबर वस्त्यांवरच्या शाळांना पुस्तकं पोचवायचं काम करते. वर्षातून दोनदा पेट्या तपासायला जाते. पेटी उघडली की मी आधी एक पुस्तक नाकाला लावते. सोबतच्या तरुण मुलींना वाटतं, बाईंना पुस्तकांचा किती जिव्हाळा. मी हळद शोधत असते. एकदा सापडलीही. मी तिथल्या गुरुजींना काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी शेवटाकडं कमी करत न्या.

तर मी हिरवं पुस्तक शोधून काढलं होतं. घागर पडली, मैना उतरली, दार दिसलं, कडीवर हात ठेवला. मी पान उलटलं. मैनेनं कडी काढली, दार करकरलं. शेवटचं एक पान राहिलं होतं. इतक्यात गुरुजी म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण एवढ्या पुस्तकांत एकही पान फाटलेलं नाही. बाईंना पटणार नाही."

आबानं हात लांब केला आणि सगळ्यात जवळचं पुस्तक घेतलं. ते माझं होतं. मी ओरडले, "आबा, ते नगं, ते नगं." पण त्यानं डोळे मिटून घेतले होते. वासराला डाग देतानासुद्धा तो डोळे उघडे ठेवायचा. त्यानं मागचं पान धरलं आणि टर्रकन ओढलं. मी त्याच्या दंडाला चावले. ते पान मग कुठं गेलं ते बघायला वेळ मिळाला नाही, कारण बांधावर छत्री दिसू लागली होती.

बाई घोंगडीवर बसल्या. पाणी प्यायल्या. एक पुस्तक उचललं, उघडलं, नाकाजवळ नेलं.

"हळद ओली आहे," त्या म्हणाल्या.

"जेवताना वाचत्यात," आबा म्हणाला. "लई नाद हाय पोरांना."

"जेवताना हळद ओली असते?"

"आमच्याकडं कच्चीच खात्यात," धोंडीबा म्हणाला. आबानं त्याच्याकडं असं बघितलं की तो मेंढरं मोजायला निघून गेला.

बाईंनी दुसरं पुस्तक उचललं, तिसरं उचललं. चुना, चहा, लोकर. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्यांनी हिरवं पुस्तक हातात घेतलं आणि विचारलं, "हे कुणी वाचलंय?"

पंधरा बोटं माझ्याकडं वळली.

"सांग बघू गोष्ट," बाई म्हणाल्या.

मी उभी राहिले. घागर, विहीर, पायऱ्या, कडी, इथपर्यंत सगळं पुस्तकातलं सांगितलं. दार करकरलं तेही सांगितलं. त्याच्यापुढं रस्ता नव्हता. बाजाराचा शेवट पुण्याच्या बाईंपुढं सांगण्यासारखा वाटेना, सासूचा तर नाहीच. मी वर बघितलं तर सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि पेटी मध्ये उघडी. मी म्हणाले, दारामागं हिरवं कुरण होतं. तिथं मेंढरं बसून रवंथ करत होती. आजवर लांडग्यानं नेलेली सगळी मेंढरं. काळतोंडी होती, बोरी होती, एक पाय आखडणारी चांदी होती. मैनेला बघून त्यांनी माना वर केल्या. मी नावं घेत गेले. आणि मी थांबले तेव्हा मागून मायचा आवाज आला, एरवीच्या निम्म्यानंसुद्धा नव्हे. "आन् आपली मोरी?" मोरीला मायनं स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलं होतं. मागच्या थंडीत ती गेली होती. मी म्हणाले, मोरी दाराच्या जवळच बसलीवती. आल्यागेल्याला दिसावी म्हणून.

मग मी खाली बसले.

"छान सांगितलंस," बाई म्हणाल्या. "पण या गोष्टीचा शेवट असा नाही."

पेटी चालली, असं मला स्वच्छ दिसलं.

"मंग कसा हाय?" आबानं विचारलं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सहा महिने घोंगडीखाली पडून त्यानं माझे सगळे शेवट ऐकले होते.

बाईंनी मागचं पान बघितलं. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हे कुणी फाडलं?"

"म्या," आबा म्हणाला. आणि मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. आंघोळ, हात, घोंगडी, पातेली, हळद, सगळं. "पोरांचा दोष न्हाई बाई. म्याच हात लावू दिला न्हाई. तुमी म्हनला जपा, म्या जपलं. आज सकाळपस्तोर एकाबी पानाला डाग नव्हता. आज पोरं वाचाया लागली, आन् आजच तुमी आलाव. आठ दिस उशिरा आला असता तर हे समदं आपसूक मळलं असतं."

गुरुजी आपल्या चपलांकडं बघत होते. बाईंनी पेटीच्या कडीत अडकवलेलं कुलूप काढलं, आबाकडं हात करून किल्ली मागितली, दोन्ही आपल्या पिशवीत टाकली आणि उठल्या.

"पेटी राहू दे," त्या म्हणाल्या. "कुलूप मी नेते. सहा महिन्यांनी येईन. आणि हळद भाजीतच बरी."

"शेवट तेवढा सांगून जा," आबा म्हणाला.

"फाडलेलं पान फेकलं नसेल तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं बघून वाटत नाही."

गुरुजी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. छत्री बांधापलीकडं गेली तशी आबानं डोक्याचा पटका सोडला, आतल्या घडीतून ते पान काढलं, मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केलं आणि माझ्यापुढं धरलं. चावल्याच्या जागी त्याच्या दंडावर दातांची रांग उमटली होती.

"वाच," तो म्हणाला.

मी बोट ठेवून वाचलं. दारामागं एक अंधारी खोली होती. मैना घाबरली आणि रडू लागली. तिचा आवाज ऐकून वडील आले आणि त्यांनी तिला वर काढलं. म्हणून मुलींनी वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय विहिरीत उतरू नये.

आबा वाट बघत राहिला. "फुडं?"

"संपलं."

"इतकंच?"

"इतकंच हाय."

आबानं ते पान माझ्या हातातून घेतलं, उलटं करून बघितलं, मागं कोरं होतं. "आन् मेंढरं?"

"मेंढरं न्हाईत आबा ह्याच्यात."

माय चुलीपाशी होती. तिनं भाकरी थापायची थांबवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले ते वाटीत कणकेची खळ घेऊनच. पेटी लिंबाखाली उघडी पडली होती आणि तिच्याभोवती पोरं कालच्यापेक्षा जास्त होती. धोंडीबाच्या नातवाच्या हातात हिरवं पुस्तक होतं, आणि तो दोन पोरींना सांगत होता की दारामागं त्याचा आजा बसलाय, शेंगोळ्या खात. पोरी म्हणत होत्या, हॅट, दारामागं समुद्र हाय. गुरुजींनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "आबा, ते फाटलेलं पान द्या. चिकटवून टाकतो."

लोकाची सुईसुद्धा कधी ठेवून न घेतलेल्या माझ्या बापानं डोक्यावरचा पटका नीट बसवला आणि गुरुजींच्या डोळ्यांत सरळ बघून विचारलं, "कंचं पान, गुर्जी?"